साडूबुवांचं क्षेत्र

तमाम नागरिकांना, बंधूंना, भगिनींना आणि मागं उभं राहून शेंगा खाणाऱ्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे मिळून ज्यानं आयुष्यात कुणालाही, कशालाही, एकदासुद्धा ढकललं नाही असा एकच इसम आहे, आणि ते आमचे साडू आहेत. ही घोषणा मी हातात माइक नसताना करतो आहे, याची कृपया नोंद घ्यावी. एरवी माझं अर्धं आयुष्य माइकसमोर गेलं. बसवकल्याणात माझा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा आहे. हरवलेल्या पोरांपासून निवडून आलेल्या पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं मी एकाच सुरात पुकारली आहेत. पण पुकारताना माझा ऊर भरून यावा असा माणूस मला घरातच मिळाला, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या, कांताच्या, नवऱ्याच्या रूपानं.

ढकलत नाहीत म्हणजे अजिबात ढकलत नाहीत. दार असेल तर ते आपल्याकडं ओढतात. ओढून उघडणारं नसेल, तर पलीकडून कुणी येईपर्यंत बाहेर उभे राहतात आणि आलेल्याचे आभार मानतात. त्यांची स्कूटर बंद पडली (आणि ती रोज पडायची), तर ते हँडलला हात लावत नसत. शेजारी उभं राहून ते इंजिनकडं फक्त विचारी चेहऱ्यानं पाहत. दोन मिनिटांत चार माणसं जमत. प्रत्येकजण काय बिघडलंय ते छातीठोकपणे सांगे, वाद होई, आणि वाद घालता घालता तीच चार माणसं ती स्कूटर ढकलत गॅरेजपर्यंत नेत. साडूबुवा शेजारून हात मागं बांधून चालत. मी एकदा चिडून म्हणालो, “आवो, निदान एक हात तरी लावा!” तर शांतपणे म्हणतात, “अण्णा, म्या हात लावलो तर त्येंला वाटंल माझी स्कूटर हाय. आता त्येंला वाटायलंय त्येंचीच हाय. क्षेत्र मोडू नका.”

हे ‘क्षेत्र’ म्हणजे त्यांच्या आयुष्याचं सार. त्यांच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, जी एकेकाला दंडाला धरून जागेवर बसवतात आणि शेवटी दमून स्वतः खाली बसतात. दुसरी, जी नुसतं क्षेत्र लावतात आणि मग ज्याचा तो येऊन बसतो. ते शिकवत त्या कॉलेजात पोरं मागच्या बाकांवर गर्दी करायची. बाकीचे मास्तर ओरडून थकले. साडूबुवांनी वर्गातला फक्त पहिल्या बाकावरचा पंखा दुरुस्त करून घेतला. आठवड्याभरात पहिल्या बाकासाठी मारामाऱ्या सुरू झाल्या. माझ्याच एका मंडपात लग्नाची पंगत काही केल्या बसेना. नवरदेवाचे काका खेकसत होते, माझी माणसं खुर्च्या सरकवत होती. साडूबुवांनी जिलेबीची कढई उचलायला लावली आणि वाऱ्याच्या तोंडाला, मंडपाच्या पूर्वेकडच्या टोकाला ठेववली. बस. वऱ्हाड वासाच्या रेघेवर असं ओळीनं बसलं की, वाढप्यांना आत शिरायला जागा राहिली नाही. नवरदेव तेवढा उलट्या बाजूला तोंड करून बसला होता, पण त्याला सर्दी झाली होती.

हे वेड कुठून आलं? त्यांचे आजोबा मेंढरं राखत. गाव कोहिनूर. (होय, आमच्याकडं ह्या नावाचं गाव आहे, आणि तिथं हिरे नाहीत, माणसं आहेत.) आजोबा कळपाच्या मागं कधी चालले नाहीत, पुढं चालत आणि मेंढरं पाठोपाठ येत. नातवानं तेच केलं, फक्त मेंढरं बारीक केली. साडूबुवा बसवकल्याणच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि सुटी मिळाली की गुलबर्ग्याच्या विद्यापीठात जाऊन संशोधन करत. विषय होता लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचे कण. किती बारीक? तर डोक्यावरचा एक केस घ्या, त्याचे हजार उभे चिरे करा. त्यातला एक चिरा ह्या कणाला दाखवलात तर तो म्हणेल, “बाप रे, केवढं हे ओंडकं!” असे असंख्य कण एका द्रवात सोडायचे. ते आपले आठवडी बाजारात सुटल्यासारखे वाटेल तिकडं भरकटत असतात. मग बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं. त्याबरोबर प्रत्येक कण स्वतःच एक बारकासा चुंबक होतो, पुढच्याच्या शेपटीला चिकटतो, त्याला तिसरा, त्याला चौथा, आणि साखळ्याच्या साखळ्या तयार होतात, सगळ्या एका दिशेनं, एकमेकींना समांतर. कुणी चिमट्यानं मांडायचं नाही, कारण इतका बारीक चिमटा अजून निघालेला नाही. “एकटा कण कुणाला दिसत न्हाई, अण्णा,” साडूबुवा म्हणत. “रांग झाली की दिसतंय.”

अडचण एकच होती. क्षेत्र काढलं की साखळी मोडायची. शाळा सुटल्यासारखे कण पुन्हा बाजारात. साडूबुवांना साखळी अशी हवी होती की क्षेत्र काढून घेतलं तरी ती जागेवर राहील. त्याचा उपयोग काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, असा पातळ पापुद्रा करता येईल की जो एका दिशेनं एक वागेल आणि आडव्या दिशेनं दुसरंच. मी म्हणालो, असे लोक मी दर निवडणुकीला माइकवर पुकारतो. पण ते हसले नाहीत. क्षेत्राबद्दल ते हसत नाहीत, आणि त्याला तसंच कारण आहे. त्यासाठी जरा मागं, त्यांच्या लग्नाकडं जायला हवं.

आमचे सासरे, मामा, औराद तालुक्यातल्या संतपूरचे. तूर, ज्वारी आणि शब्दाला पक्का माणूस. मामांना कागदोपत्री भाषेची फार हौस. शेताला ते कधी शेत म्हणत नसत, क्षेत्र म्हणत. कांताला पाहायला साडूबुवा आले, तेव्हा थोरला जावई म्हणून मी मामांच्या शेजारी चिवड्याची बशी घेऊन बसलो होतो. साडूबुवांना त्याच आठवड्यात विद्यापीठातला मोठा विद्युतचुंबक वापरायला मिळाला होता आणि त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जिला पाहायला आले ती मुलगीही आहे की नाही, शंका. मामांनी घसा साफ केला.

“क्षेत्र किती हाय?”

साडूबुवांचा चेहरा असा उजळला की, मला वाटलं मुलगी पसंत पडली. “सध्या अर्धा टेस्ला हाय,” ते म्हणाले, “पर वाढिवता येतंय.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. टेस्ला हे चुंबकाचं माप असतं हे मला कुठं ठाऊक; ते गाव आळंदच्या पलीकडं कुठंतरी असावं, असं मला वाटलं.

“पाणी हाय का?”

“पाण्याबिगर जमतच न्हाई, मामा. लई तापतंय. सारखं गार पाणी फिरवावं लागतंय.”

“बारमाही हाय,” मामा माझ्या कानात म्हणाले. मग मोठ्यानं, “सपाट हाय का चढउतार?”

“मधी एकदम एकसारखं हाय. कडंला जरा कमी पडतंय.”

“कडंला समद्यांचंच कमी पडतंय. वाटेकरी?”

“एक हाय, मंठाळचा. सोमवार-मंगळवार त्यो वापरतोय, बाकीचं दिवस मीच.”

“भांडणतंटा?”

“न्हाई, न्हाई. लई गुणाचा माणूस. कवाकवा डबा बी आणतोय माझ्यासाटी.”

“आन् तिथं तुमी सोता जाताव, का गडी लावलाव?”

“सोताच! गड्यावर सोडायची गोष्टच न्हाई ती. सुटी गावली की म्या तिथंच.”

वाटेकऱ्याशी भांडण नसलेला, स्वतः राबणारा, बारमाही पाण्याचा जावई! मामांनी आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडून साखर मागवली. कांता साखर घेऊन आली. साडूबुवांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं आणि वाक्य अर्धं टाकून गप्प झाले, ते लग्न होईपर्यंत.

पेरणीचे दिवस आले तेव्हा मामा तुरीच्या निवडक बियाण्याची पिशवी खांद्यावर टाकून थेट गुलबर्ग्याला गेले. नव्या जावयाच्या क्षेत्रात पहिलं बियाणं सासऱ्याचं पडावं, एवढीच इच्छा. साडूबुवांना काय आनंद झाला! घरचं पहिलं माणूस प्रयोगशाळा पाहायला आलं होतं. त्यांनी मामांना हाताला धरून एका बोळकंडीतल्या खोलीत नेलं. तिथं लोखंडाचे दोन जाडजूड खांब आडवे, समोरासमोर बसवलेले, आणि मधे चार बोटांची फट.

“ह्ये काय?” मामा म्हणाले.

“क्षेत्र, मामा.”

“कुटं?”

“ह्या फटीत.”

मामा वाकले. फटीतून पलीकडं पाहिलं. पलीकडं मंठाळचा वाटेकरी चुरमुरे खात बसला होता, त्यानं नमस्कार केला. मामांनी खात्री करायला फटीत हात घातला, आणि त्यांच्या लग्नातलं मनगटी घड्याळ तिथल्या तिथं बंद पडलं, ते कायमचंच. मामांनी पिशवी पुन्हा खांद्यावर टाकली, बस धरली आणि संतपूरला येऊन बियाणं होतं तिथं ठेवलं. मग मामींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, म्हणाले, “जावयाचं क्षेत्र डोळ्यानं दिसंस्तोर म्या कांताच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई.”

आणि शब्दाला पक्का माणूस म्हणून मी वर सांगितलंच आहे.

तेव्हापासून मामा साडूबुवांशी थेट बोलेनासे झाले. समोरासमोर बसले तरी मधे माणूस लागे. “पावण्यांना म्हणावं, पान वाढलंय.” “पावण्यांना इचारा, बस किती वाजता हाय.” मधे बहुतेक वेळा मीच असे, त्यामुळं माइकचं काम मला घरीही चुकलं नाही. माझ्या घरी मामा येत, राहत, भांडत. तिथून हाकेच्या अंतरावर कांताचं क्वार्टर, पण तिकडं वळत नसत. कांता हसून सांगायची, “अप्पांचं घड्याळ दादल्यानं खाल्लंय, त्येचा राग हाय.” पण तिच्या खिडकीतून बसस्टँड दिसायचं, आणि औरादची गाडी लागली की बोलता बोलता तिचं बोलणं थांबायचं. सगळे उतरून झाले की पुढं सुरू व्हायचं. साडूबुवांना हे दिसत होतं. म्हणजे त्या काळ्या कणांच्या रांगेवर नुसती पीएच.डी.ची डॉक्टरकी लटकलेली नव्हती, तिच्यावर एक म्हातारा माणूस उंबरा ओलांडणार की नाही, हेही लटकलेलं होतं.

बरं, विज्ञानाला आमच्या भागात लाइटची साथ लागते, आणि लाइटला आमच्या भागाची नावड. साडूबुवा सकाळपासून खपून द्रव तयार करत, काचेच्या पट्टीवर थेंब ठेवत, क्षेत्र लावत. साखळ्या जमू लागत. थेंब सुकायला आला की लोडशेडिंग. विद्युतचुंबक थंड, साखळ्या गायब. मंठाळचा वाटेकरी कंटाळून बंगळूरला गेला आणि कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. त्या काळात जो तो तिकडं निघाला होता. साडूबुवांनाही बोलावणी येत. ते म्हणत, “मला कुणी ढकलत न्हाई तवर म्या जाणार न्हाई,” आणि जिला ढकलता येत होतं त्या कांताला जायचं नव्हतं.

मग त्यांना सुचलं की लाइटच नको, कायमचे चुंबक वापरू. आणि कायमचे चुंबक लाउडस्पीकरच्या मागं असतात. इथं माझ्या धंद्याला ग्रहण लागलं. माझ्या गोदामातून स्पीकर आजारी पडून त्यांच्या घरी जाऊ लागले आणि परत येताना नुसती खोकी येऊ लागली. एका गावात मी भाषणाला माइक लावला, तर पुढाऱ्याचं तोंड हलतंय आणि आवाज नाही. लोकांनी आजवरचं सर्वोत्तम भाषण म्हणून टाळ्या वाजवल्या. तालुक्यातले बँडवाले साडूबुवांना लांबून पाहिलं की ढोल पुढं करून स्पीकर झाकत. साडूबुवांच्या दोन्ही खिशांत चुंबक असायचे, त्यामुळं ते चालताना शेजारच्या सायकलीकडं किंचित झुकत. असं मी सांगतो, पण माझी बायको म्हणते की मी वाढवून सांगतो. मात्र टीव्हीचं मी वाढवलेलं नाही. ते आमच्याकडं आले आणि सवयीप्रमाणं टीव्हीला टेकून बसले की बातम्या देणाऱ्या बाईचा एक गाल जांभळा आणि एक हिरवा व्हायचा. आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट त्यांनी प्रेमानं मांडीवर धरून पाहायला मागितली, आणि आता त्या कॅसेटमध्ये फक्त हिमवर्षाव आहे. पण हे सगळं मी एका गोष्टीसाठी माफ केलं. ज्या फ्लॉपीवर त्यांचा प्रबंध होता तीही त्यांनी त्याच खिशात ठेवली होती, आणि तीही कोरी झाली.

घरातल्या माणसांपैकी त्यांच्या बाजूनं पहिल्यापासून ठाम अशा एकट्या मामी. त्याचं कारण शुद्ध वैज्ञानिक आहे. मामी कांताकडं राहायला गेल्या होत्या. न्हाणीच्या कोनाड्यात त्यांना काळ्याभोर, दाट, तकतकीत तेलाची बाटली दिसली. वासानं रॉकेलचा भास झाला, पण औषधी तेलं अशीच असतात, असं म्हणून त्यांनी ते टाळूपर्यंत चोळलं. साडूबुवांची तीन महिन्यांची मेहनत मामींच्या डोक्यावर गेली. पांढऱ्या केसांनी गेलेल्या मामी काळ्याभोर केसांनी संतपूरला परतल्या. गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. पुढच्या वेळी मामींनी निरोप धाडला, “जावईबापूंना म्हणावं, संशोधन थांबवू नका, बाटली संपत आलीय.” मधेच एक छोटी मोटार निघाली, तिचं नाव नॅनो. साडूबुवाही नॅनोकणांवर काम करतात हे लोकांना ऐकून माहीत होतं. त्यामुळं वर्षभर जो भेटेल तो त्यांना विचारी, “सर, आमचा नंबर कवा लागंल?”

शेवटी जमलं ते डिंकानं. द्रव रॉकेलाऐवजी पाण्यात करायचा, त्यात बाभळीचा डिंक विरघळवायचा, थेंब काचेवर ठेवायचा, दोन्ही बाजूंनी माझ्या स्पीकरांचे चुंबक, आणि मग काहीही करायचं नाही. दिवा नाही, पंखा नाही, घाई नाही. डिंक सावकाश सुकेल आणि साखळ्यांना आहेत तिथं धरून ठेवील. धूळ बसू नये म्हणून कांतानं वर लोखंडी पातेलं झाकायला घेतलं, तर साडूबुवा धावले, “त्ये नगं, क्षेत्र वाकडं व्हतंय! बांबूची दुरडी दे.” त्या हिवाळ्यात घरातले डिंकाचे लाडू बिनडिंकाचे झाले. दुरडीखाली थेंब सुकत होता आणि साडूबुवा शेजारी बसून त्याच्याकडं पाहत होते, आजोबा मेंढरांकडं पाहत असतील तसे.

प्रबंध पुन्हा लिहून विद्यापीठात दाखल झाला. त्यानंतर तोंडी परीक्षा, आणि ती जाहीर असते, म्हणजे कुणीही येऊन मागं बसावं. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. आता झालं तर झालं. आम्हा सगळ्यांना वाटत होतं की त्या दिवशी मामांनी यायला हवं. मी म्हणालो, जीप पाठवतो, दोन माणसं पाठवतो, उचलून आणतो. साडूबुवांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी देवळात चप्पल घालून गेलो होतो. “अण्णा. क्षेत्र लावू.”

त्यांनी परीक्षेची तारीख तुरीच्या हंगामातली मागून घेतली. हंगामात मामा तूर घेऊन गुलबर्ग्याच्या बाजारात जाणारच. मामा हॉटेलचं खात नाहीत, हे दोन जिल्ह्यांना माहीत आहे, घरचा डबा लागतो. त्या दिवशी मामींनी डबा त्यांच्या हाती दिलाच नाही. म्हणाल्या, “कांता गुलबर्ग्याला येणार हाय, डबा तीच आणणार हाय, विद्यापीठात जाऊन घ्या.” एवढंच. बाकी कुणी काही बोललं नाही.

दुपार झाली. विभागाच्या सभागृहात काळे पडदे ओढलेले, समोर परीक्षक, भिंतीवर सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या प्रोजेक्टरचा उजेड. साडूबुवा इंग्रजीत बोलत होते आणि माइक नसताना माणसाचा आवाज किती लहान असतो, हे मला तेव्हा कळलं. मागचं दार उघडलं. डोक्याला पटका, हातात तुरीच्या नमुन्याची पुरचुंडी, चेहऱ्यावर भूक. मामा! कांतानं डबा पुढं केला. मामा शेवटच्या बाकावर बसले. कडक भाकरी मोडल्याचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. साडूबुवांनी मान वर केली, मामांना पाहिलं आणि पुढचं वाक्य दोनदा म्हटलं.

बाहेरून आलेले परीक्षक धारवाडकडचे होते. इतका वेळ इंग्रजीत बोलणारे ते गृहस्थ महत्त्वाच्या प्रश्नाला आपल्या भाषेवर आले. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कन्नडात चुंबकाला अयस्कांत म्हणतात, आणि चुंबकीय क्षेत्राला म्हणतात कांतक्षेत्र. परीक्षक चष्म्यावरून पाहत म्हणाले, “कांतक्षेत्र तेगद्र सरपळि उळितदेनरी?” म्हणजे, क्षेत्र काढून घेतलं तर साखळी राहते का? मागच्या बाकावरचा भाकरीचा आवाज थांबला.

साडूबुवा म्हणाले, “उळितदरी, सर.” राहते. आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे चुंबक उचलले. त्याच क्षणी लाइट गेली.

पडद्यांमुळं मिट्ट काळोख. शिपाई जनरेटरकडं धावल्याचा आवाज. इतकी वर्षं लाइट गेली की काय व्हायचं ते आम्हाला पाठ होतं. शेजारी कांताच्या बांगड्या वाजत होत्या, ती पदराचं टोक पिळत असावी. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. मग जनरेटर खोकला, प्रोजेक्टर उजळला आणि भिंतीवर त्या दिसल्या. काळ्या, सरळ, समांतर ओळी, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेरणीच्या तिफणीनं टाकल्यासारख्या. एकही मोडली नव्हती. आणि मामा डब्यासकट उठून उभे राहिले आणि सगळ्या परीक्षकांसमोर मोठ्यानं बोलले. काय बोलले ते शेवटी सांगतो. मला माझ्या पद्धतीनं पुकारू द्या.

साडूबुवा डॉक्टर झाले. त्याच संध्याकाळी औरादला जायची गाडी सोडून मामा बसवकल्याणच्या गाडीत बसले आणि कांताचा उंबरा ओलांडून आत जाऊन म्हणाले, “पाणी दे.” पुढच्या पेरणीला ते बियाण्याची पिशवी घेऊन आले आणि क्वार्टरच्या मागच्या वीतभर अंगणात त्यांनी स्वतःच्या हातानं तूर लावली. जावयाशी थेट बोलू लागले. इतकं की मधे मी लागेनासा झालो, आणि खरं सांगतो, थोडं चुकल्यासारखं वाटलं.

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. तरी तुरीच्या दिवसांत आम्ही सगळे संतपूरला जमतो. कुणी बोलावत नाही, कुणी तारीख ठरवत नाही. मी स्पीकर गाडीत टाकून निघतो तर वाटेत साडूबुवांची स्कूटर दिसते, शेजारी चार माणसं वाद घालत असतात. मंठाळचा वाटेकरीसुद्धा बंगळूरहून एकदा येऊन गेला. ओसरीवर मामांची जागा रिकामी असते, आणि आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना आपसूक ओळीनं बसतो. काळ्या केसांच्या मामी वाढतात. जेवणं झाली की कुणीतरी विषय काढतं, आणि साडूबुवा दर वेळी तोच प्रश्न विचारतात. परीक्षकांचं ते ‘कांतक्षेत्र’ मामांना नीट कळलं नव्हतं, की सगळं कळूनच ते तसं बोलले? मामांना कन्नड चांगलं येत होतं. विचारायचं राहून गेलं. मग कांता हसते, डोळ्याला पदर लावते, आणि मला म्हणते, “भावजी, तुमी म्हणा. तुमचा आवाज मोठा हाय.” आणि मी उभा राहतो, हातात नसलेला माइक तोंडाशी धरतो, आणि त्या दिवशी भर सभागृहात, भिंतीवरच्या ओळींकडं हात करून मामा जे ओरडले ते जसंच्या तसं म्हणतो:

“आगं कांते, क्षेत्र तुझ्या नावावर हाय की गं! आन् पेरणी बी झालीय!”